उकळलेल्या रसाची नळी

मामा, तुमच्या दहाव्याला मी तळवलीच्या तळ्यावर पोचले तेव्हा विधी आटपले होते. न्हावा शेव्याकडून निघायलाच उशीर झाला, आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यावर एक कंटेनर आडवा बंद पडलेला. भटजी सामान बांधत होते. तुमचा नितीन पायरीवर ओल्या धोतरात बसला होता. मला बघून तो उठला आणि म्हणाला, "ताई, घरी चला, जेवूनच जायचं."

मी लगेच गेले नाही. तळ्याला आता चारी बाजूंनी कठडा आहे, पण पूर्वेच्या कोपऱ्यात अजून पोयणीची, म्हणजे कुमुदाची, पानं आहेत. चार मोजली. पाचवं पाण्याखाली होतं, गुंडाळलेलं, तांबूस. मी तिथं उभी राहून हिशेब करत होते, इथं पाणी किती खोल असेल, या पानाला वर यायला किती दिवस लागतील, आणि खाली चिखलातल्या कंदात तेवढे दिवस पुरेल एवढा स्टार्च शिल्लक असेल का. रडायला आलेलं माणूस आणि डोक्यात हे. तुम्हाला हसू आलं असतं. पण हे तुम्हीच मला देऊन ठेवलंय. पाण्यावरचं पान बघून मला खालचा कंद न आठवणं आता होत नाही.

तुम्हाला न ओळखणारे कुणी हे वाचतील म्हणून सांगते. आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे हिराजी मामा. कॉलेजात परिचराला मामाच म्हणतात, त्यामुळे तुम्ही हजारो पोरांचे मामा होतात. तरी मला वाटायचं की मी खरी भाची. असं वाटणाऱ्या आणखी किती जणी होत्या, ते दहाव्याला आलेल्या चपलांवरून कळलं.

मी दहिवडीहून आले होते. आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं, त्याची किल्ली हेडमास्तरांकडे असायची. बी.एस्सी. तालुक्यालाच केली, तिथं प्रात्यक्षिकाला पंधरा जणांत एक पिपेट. पुढची तिघं ओढायची आणि बाकीचे आकडे उतरून घ्यायचे. माझे वडील मसाला मार्केटात माथाडी. त्यांच्या कोपरखैरण्याच्या खोलीत मी राहायला आले आणि एम.एस्सी.ला नाव घातलं, तेव्हा घराण्यात पदवीपर्यंतच कुणी गेलेलं नव्हतं, पुढचं काय असतं हे विचारायला कुणी नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी पिपेट उलटी धरली. वर्गातली पोरं हसली नाहीत, फक्त गप्प झाली, ते जास्त लागलं. तुम्ही टेबल पुसत होतात.  दुपारच्या सुट्टीत एका चंचुपात्रात पाणी आणि शाईचे दोन थेंब घेऊन माझ्यासमोर बसलात.

"सातारकरनी, बस. आजपास्नं डबा नंतर, आधी हा."

त्या काळात पिपेटला लावायचे रबरी फुगे चिकट होऊन निकामी झाले होते आणि नवे यायचे होते, म्हणजे सगळे तोंडानेच पिपेट ओढायचे. नियमात बसत नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. तुमची मात्र त्यातही शिस्त होती. आधी नॅपकिननं ओठ पुसायचे. जीभ मागे. दाताखाली काच धरायची नाही. हलकेच श्वास घ्यायचा आणि पाणी खुणेच्या जरा वर आलं की बोट ठेवायचं. "तोंड सुका पायजे. घाई केली का तोंडान येतंय, आन तोंडातला पिपेटान जातंय." तंबाखूची डबी तुमच्या खिशात असायची, पण संध्याकाळी पाचाची घंटा होईपर्यंत ती उघडत नसे. इतकी वर्षं. त्यामागे कुणाचा हुकूम नव्हता.

मला घाई होती, मामा. मला तेव्हा सगळ्याचीच घाई होती.

दुसऱ्या वर्षी माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मला प्रकल्पाचा विषय दिला: पाणवनस्पतींच्या कंदात साठवलेला स्टार्च एन्झाइम कसं तोडतात. मी माण तालुक्यातली. आमच्याकडे माणसांच्या पाण्याची मारामार, पाणवनस्पती कुठली? मी तुम्हाला विचारलं, कमळ कुठं मिळेल? तुम्ही म्हणालात, कमळ नाही, पोयणी. आमच्या तळ्यात. दुसऱ्या दिवशी सायकलच्या हँडलला बादली अडकवून तुम्ही सात कंद आणलेत, मुठीएवढे, काळे, केसाळ. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. एवढ्या कुरूप वस्तूतून ते फूल येतं हे मला खरं वाटेना.

विषय मला कळला तो पुस्तकानं थोडा आणि तुमच्या ड्रमानं जास्त. एक निळा ड्रम कापून तुम्ही त्यात तळ्याचा चिखल भरलात, कंद पुरलेत आणि वर हातभर पाणी ओतलंत. त्या गढूळ पाण्यात तळाशी ऊन पोचत नाही. पानाला स्वतःचं अन्न करायला ऊन लागतं, आणि ऊन तर वर आहे. म्हणजे पान पाण्याच्या वर येईपर्यंतचा सगळा प्रवास कंदाच्या साठ्यावर. पण साठा असतो स्टार्चचा. लांबच लांब साखळ्या, दाणे करून ठासून भरलेल्या. त्या पाण्यात विरघळत नाहीत, देठातून वर चढत नाहीत. कोंब फुटायची वेळ झाली की कंदात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं, ते त्या साखळ्या तोडतं, साखर होते, आणि ती साखर वर जाते. साठवलेलं जसंच्या तसं कुणाच्या उपयोगी पडत नाही. आधी ते तुटावं लागतं.

मी रोज चिखलात हात घालून कंद उकरून बघायचे, कोंब आला का. दोन कंद त्यातच कुजले. तिसऱ्या वेळी तुम्ही माझा हात मनगटाला धरून बाहेर काढलात. तुम्ही मला रागावलात ते तेवढं एकदाच.

"रोज उकरून बघशील तं तो वर कवा येनार? पान पान्याखाली असतंय तवर हात लावाचा नाय. वर आला का मंग काय ते बघ."

एकदा मामींनी डब्यात उकडलेले कंद पाठवले होते, मीठ लावून. तुमच्या लहानपणी तळं आटलं की घरोघरी हेच शिजायचं, असं तुम्ही सांगितलंत. आणि मग असं काही बोललात की मी हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं. पान यायच्या आधी काढलेला कंद पिठूळ लागतो. पान वर आल्यावर काढला तर पाणचट, आणि जरा गोड. माझा अख्खा प्रकल्प तुम्ही जिभेवर सांगून मोकळे झालात. मी ते वहीत लिहून घेतलं आणि बदल्यात मला येत होतं ते तुम्हाला सांगितलं. मामा, घास न गिळता बराच वेळ चावत राहा. तुम्ही चावत राहिलात. गोड लागायला लागला ना? ती कंदाची गोडी नव्हे, ते अमायलेज तुमच्या थुंकीतलं. कंदात जे असतं त्याच जातीचं माणसाच्या तोंडात असतं, आणि भलतं जलद असतं.

तुम्ही घास तसाच गालात धरून म्हणालात, "मंजे गड्ड्यालाबी तोंड असतंय."

तिथून आपला तो वाद सुरू झाला. तुमचं म्हणणं, कंद आपलं पोट पोराला देतो. म्हणून पान वर आलं की कंद पोकळ होतो, आईसारखा. मी पुस्तक दाखवायचे. कंद काही देत-बीत नाही मामा, कोंबाकडून निरोप येतो तेव्हा एन्झाइम बनतं, कोंब मागतो म्हणून साठा तुटतो. तुम्ही म्हणायचात, मागायच्या आधी देतंय ती आई. मी म्हणायचे, निरोपाशिवाय काही होत नसतं. हा वाद मी प्रकल्प संपला तरी जिंकले नव्हते. तुम्हीही नव्हता. तुम्ही भेटलात की "काय गं, गड्डा देतो का कोंब मागतो?" एवढंच विचारायचात, आणि पुढच्या गोष्टी सुरू व्हायच्या.

आता ती गोष्ट. इतकी वर्षं मी ती टाळली. आज टाळणार नाही.

प्रयोग साधा होता. कंद बर्फावर वाटायचा, रस गाळायचा. स्टार्चच्या पाण्यात तो रस घालायचा आणि दर मिनिटाला एक थेंब पांढऱ्या चिनी मातीच्या पाटीवर, आयोडीनच्या थेंबात. स्टार्च असेल तर निळा-काळा रंग. एन्झाइम ते तोडत गेलं की जांभळा, मग तांबूस, मग नुसता आयोडीनचा पिवळा. पिवळा व्हायला लागलेला वेळ म्हणजे एन्झाइमचा जोर. आणि प्रत्येक नळीबरोबर एक दुसरी नळी: तीत तोच रस, पण उकळलेला. उकळल्यावर एन्झाइम मरतं, तेव्हा ही नळी शेवटपर्यंत निळीच राहायला पाहिजे. तिला आम्ही कंट्रोल म्हणायचो. ती निळी आहे तोवर बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. ती नळी लावायचं काम तुमचं. मी रसाची लावायची, तुम्ही उकळलेल्या रसाची.

माझे आकडे सुंदर येत होते. कोंब न फुटलेला कंदसुद्धा तीन मिनिटांत पिवळा. मॅडम खूश होत्या. असं सहसा दिसत नाही म्हणाल्या, परिषदेत मांडू म्हणाल्या. मी वडिलांना फोन करून सांगितलं. ते गोणीखालून बोलावं तसे धापा टाकत म्हणाले, "चांगलंय म्हंजे चांगलंच असणार बाळा."

मग तुमच्या पुतणीची हळद आली. आगरी हळद म्हणजे दोन दिवस तुम्ही मिळणार नाही हे सगळ्या विभागाला ठाऊक होतं. जाताना तुम्ही मला बोलावणं केलंत. मी आले नाही, आकडे पुरे करायचे होते. त्या दिवशी दोन्ही नळ्या मीच लावल्या. आणि उकळलेल्या रसाची नळी चार मिनिटांत पिवळी झाली.

पुन्हा लावली. पुन्हा पिवळी. मेलेलं एन्झाइम स्टार्च तोडत होतं.

मी रजिस्टर उघडून बसले. मागच्या पानांवर कंट्रोलच्या सगळ्या ओळी तुमच्या अक्षरात, प्रत्येकीपुढे "निळा". आजच्या दोन ओळी माझ्या अक्षरात. मला समजायला पाच मिनिटं लागली नाहीत. पिपेटचं टोक मी दातात धरत होते. घाईत ओढताना तोंडात यायचं, तोंडातलं परत जायचं. महिनाभर मी कंदाचं नव्हे, माझ्याच थुंकीचं एन्झाइम मोजत होते. तुमच्या नळ्या निळ्या राहायच्या, कारण तुमचं तोंड कोरडं असायचं.

मॅडम आत आल्या त्या याच वेळी. पाटी बघितली. कंट्रोल पिवळा कसा, असं विचारलं. रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. दहा दिवसांवर प्रबंध द्यायचा होता, त्यांनी आधीच बाहेर सांगून ठेवलं होतं.

मी म्हणाले, "मॅडम, कंट्रोल नेहमी मामाच लावतात."

एवढंच. वाक्य खरं होतं. नेहमी तुम्हीच लावत होतात. फक्त त्या दिवशी नाही, आणि ते मी बोलले नाही. उकळलेली नळी तुम्ही हळदीला जाण्याआधी लावून ठेवली असेल, असं मॅडमनी धरलं. मॅडमनी रजिस्टर बघितलं असतं तर कळलं असतं. मी ते मिटून हाताखाली ठेवलं होतं.

दोन दिवसांनी तुम्ही कामावर आलात, बोटांना हळदीचा रंग, पिशवीत माझ्यासाठी लाडू. मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, मामा, तंबाखू तोंडात ठेवून पिपेट ओढता का तुम्ही? एका मुलीचं वर्ष गेलं असतं. विभागात पंचवीस माणसं होती. मी खिडकीशी होते. तुम्ही आधी पाटीकडे बघितलंत, ती अजून तशीच ठेवलेली होती. मग रजिस्टर उघडलंत. मग माझ्याकडे बघितलंत, फार नाही, पिपेटमधली पातळी बघायला लागतो तेवढा वेळ. आणि म्हणालात, "चुकलं बाई."

त्यानंतरचे आठ दिवस मला तारखेवार आठवतात. गुरांच्या डॉक्टरकडची मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी जोडून तुम्ही पिपेटला लावायला एक जुगाड केलंत. तोंड लावायचं नाही, तुम्ही नाही, मी नाही. ड्रममधले राहिलेले कंद काढले आणि सगळे आकडे पहिल्यापासून घेतले. कोंब न फुटलेल्या कंदाचा रस पाऊण तास झाला तरी निळाच. कोंब फुटलेला, वीस मिनिटांत तांबूस. परिषदेत मांडावं असं काही नव्हतं. पण शेवटच्या दिवशी तुम्ही कोंब आलेला एक कंद उभा चिरलात आणि त्यावर आयोडीन ओतलंत. खालचा सगळा भाग काळानिळा झाला. कोंबाच्या बुडाशी मात्र एक फिकट, पांढरट चंद्रकोर राहिली, तिथला साठा तोडून वर गेलेला. आपण दोघं बराच वेळ ते बघत होतो. माझ्या प्रबंधात पहिल्या पानावर तोच फोटो आहे. कंद धरलेला अंगठा तुमचा आहे, अजून जरा पिवळा.

त्या आठ दिवसांत तुम्ही एकदाही तो विषय काढला नाहीत. मीही नाही. प्रबंध गेला, तोंडी परीक्षा झाली, मला डिस्टिंक्शन मिळालं. वडील मार्केटातून हळकुंडांची पिशवी घेऊन तुम्हाला भेटायला आले. हात जोडून म्हणाले, "पोरगी तुमच्या पदरात टाकली होती मामा." तुम्ही पिशवी घेतलीत, हुंगलीत, आणि म्हणालात, "मीनी काय केला? पोर तुमची, गड्डे तल्याचे."

पुढच्याच महिन्यात त्याच चुकीसाठी तुम्हाला मेमो मिळाला. तुमच्या नोकरीच्या फायलीत तो लागला आणि तुमची बदली प्रयोगशाळेतून गेटवर झाली. शेवटची साडेचार वर्षं तुम्ही गेटवर स्टुलावर बसून काढलीत, ओळखपत्रं तपासत. ज्या हातांना पिपेटची रेघ डोळ्यांआधी कळायची ते हात. मी दाखला न्यायला आले तेव्हा तुम्ही तिथं होतात. मी सगळं पाठ करून आले होते. तुम्ही म्हणालात, "इथं हवा मस्त हाय. आतमंदी त्या फॉर्मलीनचा वास." आणि मग विचारलंत, "काय गं, गड्डा देतो का कोंब मागतो?" मी हसले. पाठ केलेलं तसंच घेऊन परत गेले.

नंतर कारणं मिळत गेली. नोकरी नवीन होती. मग लग्न. मग तुम्ही निवृत्त झालात, आता जुनं कशाला उकरा, असं मी मलाच सांगितलं. उकरायचं नसतं हे तुम्हीच शिकवलंत ना, असंसुद्धा एकदा स्वतःला म्हणाले. 

आणि यापेक्षा वाईट एक आहे. बंदराजवळच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते तिथं कंटेनरमधून उतरलेल्या धान्याचे, पिठांचे नमुने येतात. नवीन मुलं आली की त्यांना पहिल्या दिवशी मी शिकवते. पिपेटला तोंड का लावायचं नाही, हे सांगताना मी ही गोष्ट सांगते, उकळलेल्या रसाची. मुलं हसतात आणि विसरत नाहीत. इतकी वर्षं मी ती अशी सांगत आले: "आमच्या लॅबमध्ये एक मामा होते, ते तोंडानं पिपेट ओढायचे..." पुढचं मुलांनी आपापलं समजून घ्यायचं. मी खोटं बोलत नव्हते. मी तेव्हाही खोटं बोलले नव्हते.

दहाव्याला जेवणं झाल्यावर मामी मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. त्यांनी मला पूर्वी एकदाच बघितलेलं. चष्मा लावून माझ्याकडे नीट बघितलं आणि सरळ विचारलं, "तू ती थुकीवाली पोर ना?"

 मामी हसत होत्या, डोळे पुसत हसत होत्या. तुम्ही घरात ही गोष्ट कितीदा सांगायचात ते त्यांनी सांगितलं. पाहुणा आला की सांगायचात. आमच्या सातारकरणीची थुंकी लई जोरदार, पिठाचं पाणी करते. नितीनला तोंडपाठ आहे, नातवंडांनाही. तुमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि तुमच्या घराबाहेर कुणाला नाही. गेटवर साडेचार वर्षं बसून तुम्ही घरी येऊन माझ्या थुंकीवर हसत होतात.

मी मामींना विचारलं, मग सांगितलं का नाही कुणाला? मेमो मिळाला तेव्हा तरी.

मामी म्हणाल्या, "मीबी तेच बोल्ले. जावा आन सांगा बाईला. तं बोलले, तिचा पान अजून पान्याखाली हाय. आता हात लावला तं मरंल."

 मामींनी पदरानं चष्मा पुसला आणि राहिलेलं सांगितलं.

"मी बोल्ले, मंग वर आल्यावर सांगा. तं बोलले, वर आल्यावर तीच सांगंल."

मामा, मला नोकरी लागून अकरा वर्षं झाली. पान कधीच वर आलं होतं.

मी घरी आल्यावर मॅडमना फोन केला. त्या आता निवृत्त आहेत, पुण्याला असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तेव्हा का नाही बोललीस?"  शेवटी त्याच म्हणाल्या, "रजिस्टर मी मागायला हवं होतं." कॉलेजला मी पत्र दिलं आहे. मेमो रद्द करून तुम्हाला आता काही मिळायचं नाही, हे कार्यालयातल्या बाईंनी मला नीट समजावून सांगितलं. मी म्हटलं, काही मिळू नये, फक्त हे पत्र त्या कागदाच्या वर लावा. फाईल कोण उघडतंय म्हणाल्या, पण पत्र घेतलं. हा लेख माजी विद्यार्थ्यांच्या अंकात जसाच्या तसा छापावा, एवढी विनंती केली आहे. सोमवारी तीन नवी मुलं कामाला लागली. त्यांना मी गोष्ट सांगितली, या वेळी सगळी. ती हसली नाहीत. एकीनं विचारलं, "मामा काही म्हणाले नाहीत, मॅम?" मी सांगितलं की ते आठ दिवस माझ्यासोबत उभे राहिले.

आपला वाद राहिला होता. मी इतकी वर्षं म्हणत आले की कोंब मागतो तेव्हाच साठा तुटतो. पुस्तकात तसंच आहे, आणि कंदापुरतं ते खरंही आहे. पण मी काही मागितलं नव्हतं, मामा. खिडकीशी उभी होते, तोंडातून शब्द नव्हता. तुम्ही रजिस्टर मिटलंत आणि तुमच्याकडे जे होतं, पस्तीस वर्षांचा कोरड्या तोंडाचा लौकिक, ते तोडून दिलंत. वाद तुम्ही जिंकलात. हे तुम्हाला गेटवर सांगितलं असतं तर तुम्ही तंबाखूची डबी काढली असतीत, कारण तोवर पाच वाजले असते.

निघताना नितीननं अंगणातल्या तुमच्या ड्रममधला एक कंद मला दिला, ओल्या गोणपाटात गुंडाळून. तो आता माझ्या गॅलरीत आहे, बादलीत, तुमच्या तळ्याच्या चिखलात. आज एकवीस दिवस झाले. माझी मुलगी रोज विचारते, बघू का आत. मी तिला हात घालू देत नाही. पाणी गढूळ आहे, तळ दिसत नाही. खाली काय चाललं असेल ते मला ठाऊक आहे, आणि फोटोतली ती चंद्रकोर मी रोज मनात बघते.

पत्रात लिहिलं, फोनवर बोलले, मुलांना सांगितलं. तुम्हाला तेवढं सांगायचं राहिलं होतं. तुम्ही वाट बघत होतात ते वाक्य फार मोठं नाही, मामा.

त्या दिवशी कंट्रोल मी लावले होते.